रस्ता कुणाचा, हे मुक्कामावर कळतं

कशेडी घाट उतरून पोलादपूरवरून महाडला येणारा महामार्ग पूर्वी १७ क्रमांकाचा होता, आता तो ६६ आहे. अमेरिकेतल्या 'रूट ६६'वर बॉबी ट्रूपने लिहिलेलं गाणं १९४६ साली नॅट किंग कोलने गायलं आणि गाजवलं. वाटेवरच्या गावांची नावं घेत ते ऐकणाऱ्याला सफरीचं आवतण देतं. आकडा जुळला हा योगायोग, पण रस्ता सर्वांचा आहे असं केव्हा म्हणायचं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. कोल कृष्णवर्णीय होता. त्या वाटेवरच्या कितीतरी गावांत त्याच्या लोकांना रात्रीची खोली मिळत नसे. कुठे जेवण आणि बिछाना मिळेल हे सांगणारं 'ग्रीन बुक' जवळ ठेवून ते निघत. डांबरावर गाडी चालवायला मुभा होती, आडकाठी होती ती मुक्कामावर. म्हणून रस्त्याची समता प्रवासी थांबतो तिथे तपासावी, असं मला वाटतं.

आपल्याकडेही १९०१च्या सुमारास मसूर स्टेशनवरून वडिलांकडे निघालेल्या लहानग्या भीमरावाला, म्हणजे पुढच्या बाबासाहेब आंबेडकरांना, आणि सोबतच्या मुलांना दुप्पट भाड्यावर बैलगाडी मिळाली, तीही त्यांनीच हाकायची या अटीवर. गाडीवान विटाळाच्या भीतीने पायी चालला. रात्री टोलनाक्यावर डबा भरलेला होता, पण पाणी कुणी दिलं नाही. पोरं उपाशी झोपली. कुणी म्हणेल, आमच्या वारीत तर वाटच माणसांना एक करते. वारीचं ते मोठेपण मला मनापासून मान्य आहे. तरीही चोखोबा पंढरीला पोचून महाद्वाराबाहेरच राहिले, आणि ते दार दलितांना उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. वाटेवरची माया दारापर्यंत आपोआप पोचत नाही.

दुसरा आक्षेप असा, की 'रूट ६६'सारख्या आनंदाच्या गाण्यावर हे ओझं कशाला? पण आवतण मनापासून दिलेलं असेल, तर पाहुण्याला पाणी मिळतं का हे विचारणं त्या आवतणाचा मान राखणंच आहे. महाडमध्ये असं आवतण कागदावर होतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याच्या बोले ठरावाला अनुसरून नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं केलं होतं. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं गावातून मिरवणुकीने तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. त्यानंतर त्यांना मारहाण झाली, तळं १०८ घागरी पंचगव्य ओतून 'शुद्ध' केलं गेलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. नुसतं चालत जाण्यावर एवढा संताप उसळला नसता. तो उसळला त्या ओंजळीमुळे. तळ्याचा खटला उच्च न्यायालयात दलितांच्या बाजूने लागला तो १९३७ साली, आणि तोवर गावातून जाणाऱ्या रस्त्याला सार्वजनिक म्हणणं अर्धवटच होतं.