साहेब कोणाला म्हणावे?



खरिपाच्या तोंडावर यवतमाळ, दारव्हा किंवा पुसदच्या एखाद्या बँकेत पीककर्जाच्या रांगेपाशी घटकाभर थांबावे. साठी ओलांडलेला कापूसउत्पादक पंचविशीतल्या कर्मचाऱ्याला 'साहेब' म्हणतो आणि पुष्कळदा त्याला उत्तर मिळते, 'ए बाबा, उद्या ये.' वय एकाकडे, आदर दुसऱ्याकडे. हा प्रकार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही उलटे आहे, असे कोणाला वाटतही नाही. पण ज्या शब्दावर हा व्यवहार चालतो तो अरबी आहे, पवित्र कुरआनात वारंवार आलेला आहे. म्हणून त्याची चौकशी करणे आपल्याकडे विशेषत्वाने येते.

'साहेब' हे अरबी 'साहिब' या शब्दाचे मराठी रूप. त्याचा मूळ अर्थ सोबत असणारा, साथी. प्रेषितांच्या साथीदारांना आपण 'सहाबा' म्हणतो ते याच धातूवरून. 'सोहबत' हा शब्दही तिथलाच, आणि आपली रोजची मराठी 'सोबत' त्या सोहबतीपासूनच आलेली. म्हणजे 'साहेब' आणि 'सोबत' हे एकाच घरचे शब्द. एक मराठीत येऊन खुर्चीवर बसला, दुसरा बाजूला चालत राहिला.

अरबीत 'साहिब'चा दुसरा अर्थ धनी, बाळगणारा असाही आहे, हे मान्य केले पाहिजे. 'साहिब-ए-निसाब' हा शब्द आपल्या घरोघरी माहीत आहे. परंतु तेथेही गंमत पाहा: जो साहिब-ए-निसाब झाला त्याचे मानपान वाढत नाहीत, त्याच्यावर जकात लागू होते.

आता कुरआनातील उपयोग पाहू. सूरह तौबाच्या चाळिसाव्या आयतीत गुहेतील प्रसंग आहे. शत्रू दाराशी आलेला असताना प्रेषित (स.) आपल्या सोबत्याला, म्हणजे हजरत अबू बक्र (रजि.) यांना, दुःख करू नका असा धीर देतात. तेथे 'साहिब' हा शब्द आहे. सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अ.) तुरुंगातील दोन कैद्यांना याच शब्दाने हाक मारतात. ते दोघे कोणी अधिकारी नव्हते. एक सुटणार होता, दुसरा सुळावर जाणार होता. सूरह नज्म आणि सूरह तक्वीरमध्ये तर अल्लाह मक्केच्या विरोधकांशी बोलताना प्रेषितांचा (स.) उल्लेख 'तुमचा साथी' असा करतो. ज्यांच्यात ते लहानाचे मोठे झाले, त्यांनी त्यांना परके ठरवू नये, असा तो रोख आहे. आणि सूरह निसाच्या छत्तिसाव्या आयतीत आईवडील, अनाथ, गरजू, शेजारी यांच्या रांगेत 'बाजूचा साहिब' येतो, ज्याच्याशी भलेपणाने वागण्याची आज्ञा आहे. भाष्यकारांपैकी काहींनी त्याचा अर्थ सहप्रवासी असा केला, काहींनी पती किंवा पत्नी. यवतमाळहून उमरखेडला जाणाऱ्या एसटीत तुमच्या शेजारी येऊन बसलेला अनोळखी मजूर, या अर्थाने, साहेब आहे. तिकीट तपासायला आलेल्याला आपण साहेब म्हणतो. शेजारच्याला मात्र 'सरक जरा.'

मराठीने हा शब्द नेहमीच वरिष्ठासाठी राखला असेही नाही. जिजाऊंना आपण 'मासाहेब' म्हणतो, डॉ. आंबेडकरांना 'बाबासाहेब', विदर्भाच्या डॉ. पंजाबराव देशमुखांना 'भाऊसाहेब'. येथे 'साहेब'च्या आधी आई, बाप, भाऊ आले आहेत; नाते पुढे आहे आणि आदर त्याच्या मागे. इंग्रज आले तेव्हा गोरा अधिकारी तेवढा साहेब झाला, आणि पुढे सरकारने ही बिरुदे वाटायला काढली: मुसलमानाला 'खान साहेब', हिंदूला 'राव साहेब'. एकाच शब्दाची धर्मावार वाटणी! स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या १८व्या अनुच्छेदाने लष्करी व शैक्षणिक वगळता राज्याने पदव्या देणे बंद केले. याच जिल्ह्यातील वणीच्या माधव श्रीहरी अणे यांना 'लोकनायक' कोणत्या दरबाराने केले नव्हते.

मग आदराची संबोधने टाकूनच द्यावीत का? तसे शरीअत सांगत नाही. हजरत सअद (रजि.) आले तेव्हा प्रेषितांनी (स.) अन्सारांना आपल्या सरदारासाठी उठायला सांगितले, हे सहीह हदीसमध्ये आहे. दुसरीकडे, आपली स्तुती मर्यादेबाहेर करू नये, आपल्याला अल्लाहचा दास आणि प्रेषित म्हणावे, अशी ताकीदही त्यांनीच दिली. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की कळते, हरकत शब्दाला नाही. ज्याच्याकडून काम काढायचे आहे त्यालाच तो देणे, आणि ज्याच्याकडून काही मिळणार नाही त्याच्यापासून राखून ठेवणे, याला हरकत आहे. पहिल्याला खुशामत म्हणतात हे सर्वांना ठाऊक असते. दुसऱ्याला आपण काहीच म्हणत नाही, आणि माझ्या मते तेच अधिक वाईट आहे.

आपल्या मोहल्ल्यांकडे बघू. लग्नपत्रिकेत नावाआधी 'अलहाज' छापायचे राहिले म्हणून रुसवे होतात. हज ही इबादत आहे. पाच वेळा नमाज पढणाऱ्याने पत्रिकेत 'नमाजी' छापण्याचा आग्रह धरल्याचे मी तरी ऐकलेले नाही. मशिदीत सदर साहेब असतात, सेक्रेटरी साहेब असतात. मलाही दिवसातून कितीतरी वेळा 'इमाम साहेब' अशी हाक येते, तेव्हा हा हिशेब मलाही लागू आहे. पण त्याच मशिदीचा हौद धुणारा, चटया अंथरणारा खादिम अनेक ठिकाणी नुसत्या नावाने, तेही अर्धे तोडून, पुकारला जातो. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांना वाईट नावांनी हाक मारण्याची मनाई आहे. ती आयत आपण खुतब्यात ऐकतो आणि बाहेर पडताना चपला सांभाळणाऱ्याला 'ए लंगड्या' म्हणतो.

हजरत बिलाल (रजि.) यांना हजरत अबू बक्र (रजि.) यांनी गुलामीतून मुक्त केले होते. सहीह बुखारीत नोंद आहे की हजरत उमर (रजि.) म्हणत असत, अबू बक्र आमचे सरदार आहेत आणि त्यांनी आमच्या सरदाराला मुक्त केले. बिलाल यांच्यासाठी त्यांनी वापरलेला शब्द 'सय्यिद' होता, कुरैशांच्या प्रमुखांसाठी वापरला जाणारा. उमर (रजि.) यांना बिलाल यांच्याकडून कोणते कर्ज मंजूर करून घ्यायचे नव्हते.

मुले हे सारे घरातच शिकतात. सकाळी घंटागाडी येते तेव्हा कचरा घेणाऱ्या माणसाला तुमच्या दारातून कोणती हाक जाते? 'चाचा', 'काका', 'दादा', 'भाऊ' यांपैकी कोणताही शब्द चालेल, आणि क्रियापद 'घ्या' असावे, 'घे' नव्हे. आठवडाभर एवढे करून पाहा. आठव्या दिवशी मूल ते न सांगता म्हणू लागेल.