नाव घेऊन विचारा

परंदवडीतल्या एका भावकीची सामाईक जमीन विकायचं ठरलं, म्हणजे थोरल्या आबांनी ठरवलं. द्रुतगती मार्ग झाल्यापासून सोमाटणे-उर्से पट्ट्यात गुंठ्याचे भाव चढतच गेलेले. आबांनी एका प्लॉटिंगवाल्याकडून इसारही घेतला होता. इंद्रायणी भाताचं खाचर आणि बांधावरची विहीर, सगळं त्यात गेलं. सातबाऱ्यावर अकरा नावं होती. एकाची जरी सही अडली तरी घेणारा मागे सरणार.

आबा कामाला लागले. प्रत्येक पुतण्याला वेगळा फोन आणि प्रत्येकाला एकच वाक्य: "बाकीचे सगळे तयार आहेत, तुझ्यापायीच अडलंय." एकाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, त्याला उचल देण्याचा शब्द दिला. एकाची वाटणीची जुनी तक्रार होती, ती मिटवायचं कबूल केलं. बैठकीआधी दोन दिवस सगळ्यांना लोणावळ्याला एका बंगल्यावर नेलं. नाव सहलीचं. आत्याला मात्र बोलावलं नाही, कारण ती पोरांचे कान भरते म्हणे.

धाकटे काका विधानभवनात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना हा सगळा प्रकार ओळखीचा वाटला. बंगल्यावर रात्री जेवणं झाल्यावर पुतण्यांनी विचारलं, तसे ते बोलू लागले.

"विधेयक वादाचं असलं की पक्षाचा प्रतोद यादी घेऊन बसतो. कोण पक्का, कोण काठावर, कोणाची कुठली फाईल अडलीय. मग व्हिप, म्हणजे पक्षादेश निघतो. 1985 साली 52 वी घटनादुरुस्ती झाली, दहावी अनुसूची आली. तेव्हापासून व्हिप मोडून मत दिलं की आमदारकी जाऊ शकते. पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं तर वाचली."

"मग तो कायदा वाईटच की," एक पुतण्या म्हणाला.

"उगाच नाही आला तो. 1967 साली हरियाणात गयालाल नावाच्या आमदारानं एका पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. अशानं सरकार टिकायचं कसं? पण सर्वोच्च न्यायालयानं 1992 साली कायदा उचलून धरताना सुचवलं होतं, की सक्ती सरकारच्या विश्वासमतापुरती आणि पक्षाच्या मूळ धोरणापुरतीच ठेवा. तेवढं मागे पडलं. चांगला प्रतोद नेत्याचा हुकूम आमदारांपर्यंत आणतो, तशी आमदारांची नाराजी नेत्यापर्यंत नेतो. ही दुसरी खेप बंद पडली की नेत्याला पटवून देण्याची गरजच उरत नाही."

मग त्यांनी घाटाखालच्या कुलाब्याचे खासदार चिंतामणराव देशमुखांचं सांगितलं. ते केंद्रात अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं घाटलं, तेव्हा 1956 साली त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत उभं राहून कारणं मांडली. खुर्ची गेली; मत कुणाचं होतं हे मात्र साऱ्या देशाला कळलं.

आबा दारात उभे राहून ऐकत होते. काका त्यांच्याकडे वळले. "दादा, 2022 साली शिवसेना फुटली तेव्हा आमदार सुरतेला नेले, गुवाहाटीला नेले, गोव्यात ठेवले. माणसं मनापासून पटलेली असतील तर त्यांना राखत बसावं का लागतं?"

आबा काही बोलले नाहीत.

रविवारी परंदवडीत ओसरीवर बैठक बसली. आत्या आपणहून आली, कारण सातबाऱ्यावर तिचंही नाव होतं. आबांनी किंमत वाचून दाखवली, विचारलं, "सगळ्यांना मान्य?" आणि लगेच स्वतःच म्हणाले, "मान्य, मान्य." दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

विधिमंडळात हेच आवाजी मतदान. कुणी काय मत दिलं, ते कुठेच लिहिलं जात नाही. जनसुरक्षा विधेयक 10 जुलै 2025 रोजी विधानसभेत असंच मंजूर झालं. डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी उघड विरोध केला म्हणून त्यांची भूमिका तरी आपल्याला ठाऊक आहे. बाकीच्यांच्या मतदारांनी विचारायचं कोणाला? मतविभागणी मागितली तर नावं कामकाजात येतात. माझ्या मते वादाच्या प्रत्येक विधेयकावर ती व्हायलाच हवी.

आत्या म्हणाली, "दादा, असं नको. एकेकाचं नाव घेऊन विचार."

आबांनी सातबारा पुढे ओढला. पहिल्या पुतण्याचं नाव घेतलं. तो बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढत राहिला. "मला नव्हतं विकायचं. पण तुम्ही म्हणालात, सगळे तयार आहेत." दुसरा चमकून त्याच्याकडे बघत राहिला. "मलाही हेच सांगितलं होतं." अकरा नावं संपली तेव्हा विकायच्या बाजूला चौघं होते, त्यांत आबा धरून.

आबांचा चेहरा उतरला. "इसार घेऊन बसलोय मी. त्यातला निम्मा दवाखान्यात गेला. कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

"याच तोंडानं सांगायचं होतं," आत्या म्हणाली. "आधी."

मग तासभर खरी बैठक झाली. भांडणं झाली, जुन्या वाटण्या निघाल्या. लग्नघरच्या पुतण्यानं आपली अडचण पहिल्यांदाच सगळ्यांसमोर सांगितली. शेवटी इसार परत करायचं ठरलं आणि लग्नाला सगळ्यांनी मिळून हातभार लावायचं ठरलं. आबांनी वही मागवली आणि कोण किती देणार ते एकेकाला विचारून नावानिशी लिहून घेतलं. पहिलं नाव त्यांनी स्वतःचं घातलं.