दरीवरचे पाऊल

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी नात एक डोंगर चढत होती. डोंगर आमच्या बैठकीच्या खोलीतच होता. भिंतीवरच्या टीव्हीच्या काचेत. नाव त्याचे सेलेस्ट. चढणारी लाल केसांची एक ठेंगणी मुलगी, मॅडलिन. तिला धावता येते, उडी मारता येते, भिंतीला बिलगता येते आणि हवेत असताना एकदाच झेप घेता येते. एवढीच तिची मिळकत. बहुधा एका वेळी पडद्यात मावेल एवढाच चढ समोर येतो, आणि ज्याला येते तो अर्ध्या मिनिटात तो पार करतो. ज्याला येत नाही त्याला तीन दिवस लागतात. काट्यांवर पडली की मुलगी मरते आणि पापणी लवते न लवते तोच चढाच्या पायथ्याशी पुन्हा उभी राहते. मरण इतके स्वस्त आणि इतके तत्पर मी अन्यत्र पाहिलेले नाही.

हा खेळ २०१८ सालचा, पण त्याचा चेहरामोहरा मुद्दाम जुना ठेवलेला. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी २०१५ मध्ये चार दिवसांत त्याचे पहिले छोटे रूप केले, ते ‘पिको-८’ नावाच्या एका लुटुपुटीच्या यंत्रावर. या यंत्राला पडदा १२८ ठिपके रुंद आणि तितकाच उंच. रंग अवघे सोळा. आजच्या काळात एवढी गरिबी कोणी हौसेने का पत्करावी, असा प्रश्न मला प्रथम पडला होता. मग आठवले, लंगडी खेळणाऱ्या मुलीला आपण कधी विचारत नाही, बाई ग, देवाने दोन पाय दिले असताना एकावर का उड्या मारतेस?

जुन्या खेळांची गरिबी मात्र खरी होती. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा सगळा खेळ चाळीस किलोबाइटांत बसवलेला आहे. आज फोनवर येणारे सणाचे एखादे शुभेच्छापत्रही त्याहून जड असते. त्यात आठ जगे, प्रत्येकाचे चार टप्पे. आणि मधल्या चोरवाटांचे नळ ठाऊक असलेला वाकबगार खेळाडू तो पाच मिनिटांच्या आत संपवतो. मग माझ्या चिरंजीवांच्या नव्वदीतल्या लागोपाठ तीन दिवाळ्या त्यात कशा गेल्या? खेळ पाच मिनिटांचाच होता. उरलेले सगळे पडणे होते. कॅसेटच्या तोंडात फुंकर मारून ती यंत्रात बसवायची, तीन जीव घेऊन निघायचे, सातव्या जगापर्यंत कसेबसे पोचायचे आणि तेवढ्यात वीज जायची. वीज आल्यावर पुन्हा पहिल्या जगापासून!

त्या खेळांत क्रौर्यही होते. ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ या १९८५ च्याच खेळात शेवटच्या राक्षसाला मारल्यावर कळते, की ही सगळी माया होती. आता हाच प्रवास पहिल्यापासून पुन्हा करा. ‘कॅसलव्हेनिया’त उडी मारल्यावर हवेत दिशा बदलता येत नाही, आणि एखादे वटवाघूळ नुसते घासून गेले तरी नायक मागे फेकला जातो, तो नेमका खड्ड्यात. चिरंजीव कितीदा चिडून हातातले यंत्र आपटीत, मग आमचे ठरलेले पालुपद, “अरे, खेळच तो!” पण त्याची चीड दोन प्रकारची असे, हे तेव्हाही माझ्या लक्षात आले होते. आपली उडी चुकली की तो दात-ओठ खाऊन पुन्हा बसे. उडी बरोबर असूनही पडलो असे वाटले की मात्र तो उठून जाई. हरण्याचे त्याला दुःख नव्हते. फसवले गेल्याचे होते.

नव्या खेळांच्या कर्त्यांनी ही दुसरी चीड ओळखली आणि तिच्यावर एक गोड उपाय केला. कड्याच्या टोकावरून पाऊल पुढे पडल्यावरही सेकंदाचा सुमारे दहावा भाग खेळाडूला उडी मारता येते. पायाखाली जमीन नसते, तरी खेळ ‘आहे’ म्हणतो. या सवलतीला ‘कायोटी’चा वेळ म्हणतात. कायोटी हा अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी. १९४९ पासूनच्या व्यंगपटांतला त्या नावाचा एक हावरा प्राणी धावता धावता कड्यापलीकडे जातो, आणि खाली पाहीपर्यंत पडत नाही. त्याच्यावरून हे नाव. सेलेस्टमध्ये ही सवलत आहेच, शिवाय डोके कोपऱ्याला किंचित अडले तर खेळ मुलीला हळूच बाजूला सरकवतो. काटेही दिसतात त्यापेक्षा थोडे कमी बोचतात. खेळणाऱ्याला यातले काही दिसत नाही. त्याला वाटते, आपला हात सफाईदार आहे.

मी पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. तेहतीस गुणांच्या उत्तरपत्रिकेत आणखी दोन गुण शोधायचे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको. रीतीच्या पायऱ्यांना अर्धा अर्धा गुण देत मी कित्येकांना कड्यापलीकडे दोन पावले चालू दिले आहे. त्यांना ते कधी कळले नाही आणि मला त्याची खंतही नाही. म्हणून कायोटीची ही युक्ती वाचली तेव्हा मला गुरुबंधू भेटल्याचा आनंद झाला. या आनंदानेच घात केला.

सेलेस्टमध्ये उघड साहाय्याचीही सोय आहे. तिला ‘असिस्ट मोड’ म्हणतात. तीत खेळाचा वेग कमी करता येतो, मरणच बंद करता येते. दुपारी नात शिकवणीला गेली की मी स्वतः ती सोय लावून खेळत असे. सत्तरीच्या बोटांना दुसरा मार्ग नव्हता, आणि त्यात मला लाज वाटली नाही. डोंगर सुंदर आहे, वर जाऊन पाहावासा वाटला, पाहिला.

पण त्या दिवशी पोरगी एकाच चढावर सकाळपासून अडली होती. जेवायला उठली तेव्हा डोळे भरलेले. ती ताटावर बसल्यावर मी तिच्या नोंदीत शिरलो, साहाय्य सुरू केले, वेग शंभराचा ऐंशी केला आणि खेळ होता तसा ठेवला. हात धुऊन ती आली, आणि अकराव्या प्रयत्नाला पार झाली! घरभर नाचली. आईला फोन केला. मला मिठी मारून म्हणाली, “आजोबा, हात बसला बघा!” मी “शाबास” म्हणालो. हा शब्द मी आयुष्यात हजारो वेळा उच्चारला असेल. इतका जड कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खेळ उघडताच तिच्या नोंदीवर साहाय्य चालू असल्याची खूण दिसली. ती रडली नाही. “हे तुम्ही केलंत?” एवढेच विचारले.

मी बचाव मांडला. म्हटले, खेळ करणारेही हेच करतात की! ती कड्यावरची सवलत, ते भोंदू काटे. ते तरी कुठे सांगून करतात?

“ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “पण ते सगळ्यांनाच असतं, आजोबा. तुम्ही फक्त मला दिलंत.”

मी गप्प झालो. पुढे बरेच दिवस या वाक्याशी भांडत राहिलो. सिंहगडावर मोटारीने जाता येते. मोटारीने जाऊन पिठले-भाकरी खाणाऱ्याने कोणाचे काही चोरलेले नसते, कारण त्याला आपण मोटारीने आलो हे ठाऊक असते. पण झोपलेल्या माणसाला पालखीत घालून गडावर नेले आणि जाग आल्यावर “चढलास हो!” म्हटले, तर? कर्त्यांची सवलत हा त्या डोंगराचाच एक गुण आहे; दगड जरा खडबडीत असावा, पाय धरावा, तसा. माझी सवलत डोंगराची नव्हती. तिचे पडणे मला बघवत नव्हते, म्हणून मी माझीच सोय केली होती, आणि पावती तिच्या नावाने फाडली होती.

मग माझ्या त्या दोन-दोन गुणांचे काय? ते मी सर्वांना देत होतो का? स्वतःशी खोटे बोलायचे नाही म्हटले तर, नाही. जी मुले पहिल्या बाकावर बसत, ज्यांचे अक्षर मला आवडे, ज्यांचे वडील रस्त्यात थांबून नमस्कार करीत, त्यांच्या पायऱ्या मला लवकर सापडत. मागच्या बाकावरचा एक मुलगा तेहतिसावरच राहिला आणि पुढच्या वर्षी शाळेत आला नाही. त्याची उत्तरपत्रिका मी दुसऱ्यांदा उघडली होती की नाही, हे आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

नातीने साहाय्य बंद केले आणि नव्या नोंदीवर पायथ्यापासून चढायला सुरुवात केली. खेळ मरणांची मोजदाद ठेवतो, आणि या आकड्याचा अभिमान बाळगा असे वर सांगतोही. त्या चढावर ती पुन्हा पोचली तेव्हा सुट्टीचे चार दिवस उरले होते.

“बसा इथे,” ती म्हणाली, “पण हात लावायचा नाही.”

मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. रात्रीचे साडेदहा झाले तरी ती पडतच होती.