डावीकडची वाटी मधोमध

मराठी ताटात कच्च्या भाजीची जागा ठरलेली आहे. मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मधोमध भात. डावीकडचं बोटभर वाढायचं, कारण त्याचं काम तोंडाला चव आणण्याचं. पोट भरायचं ते भातानं. अलिबागजवळच्या मांडव्यासारख्या भातशेतीच्या आणि मासेमारीच्या गावात ही वाटणी योग्यच होती. लावणीला चिखलात वाकून राबणाऱ्याला, पहाटे होडी लोटणाऱ्याला भात भरपूर लागायचाच. आता त्याच गावात कुणी लाँचने मुंबईला कामाला जातो, कुणी दुकानात किंवा कार्यालयात दिवसभर बसून असतो. अंगमेहनत कमी झाली, ताट मात्र तेच राहिलं. अशा घरांत डावीकडची वाटी मधोमध यावी आणि तिनं पोट भरावं, असं मला मनापासून वाटतं.

ही सूचना ऐकली की अनेकांच्या डोळ्यांसमोर पथ्याचं जेवण येतं: काकडी-टोमॅटोच्या चकत्या आणि वर पिळलेलं लिंबू. ते खाऊन तासाभरात पुन्हा भूक लागते आणि कच्च्या भाजीलाच नावं ठेवली जातात. पण त्या भाजीला आपण सोबतच दिलेली नसते. सोबत कशी द्यायची, हे आपल्या घरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

खमंग काकडीच पाहा. काकडी चोचवतात. त्यामुळे तिच्या प्रत्येक कणाला चव लागायला जागा मिळते. त्यात दाण्याचं कूट, ओलं खोबरं, हिरवी मिरची, चिमूटभर साखर, लिंबू आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी. मीठ लागताच काकडीला पाणी सुटतं, म्हणून मीठ अगदी वाढायच्या वेळी घालायचं. जे थोडं पाणी तरीही सुटतं, ते कूट शोषून घेतं आणि तोच आंबट-गोड रस काकडीला धरून राहतो. युरोपात पानांना तेल आणि व्हिनेगर चोळून जे साधतात, ते आपण कुटानं साधतो. फोडणीलाही कारण आहे. जिरं, मोहरी, हिंग यांचा वास गरम तुपा-तेलात उतरतो. गाजरातलं कॅरोटीनही स्निग्ध पदार्थाच्या सोबतीनं शरीरात जास्त चांगलं शोषलं जातं. वजनाच्या धास्तीनं फोडणी वगळणारा माणूस चवीबरोबर पोषणही गमावतो.

मात्र बोटभर कोशिंबिरीचं प्रमाण नुसतं चौपट केलं की जेवण होत नाही. शेंगदाण्यात वजनाच्या साधारण पाव भाग प्रथिनं असतात, पण दोन चमचे कुटातून मिळून मिळणार किती? इथे कडधान्य हवं. भात कापला की रायगडातल्या शेतात मुरलेल्या ओलाव्यावर वाल पेरतात. भिजवून, मोड आणून, सोललेले कडवे वाल मीठ घालून बोटचेपे शिजवावेत. ते कच्चे खाऊ नयेत, कारण त्यांतली काही अपायकारक द्रव्यं नीट शिजल्यावरच जातात. कच्चं तेवढं चांगलं, असा सरसकट नियम आपल्या स्वयंपाकानं कधी केला नाही, हे त्याचं शहाणपण. गार झालेल्या वालांत बारीक चिरलेला कांदा, काकडी, कोथिंबीर, भरपूर खोबरं, कोकमाच्या आगळाचे दोन चमचे आणि मोहरी-मिरचीची फोडणी घातली की एका माणसाचं दुपारचं जेवण तयार होतं. भात हवाच असेल तर चार घास त्याच्यासोबत घ्यावेत. एवढ्यापुरती भातानं तोंडी लावण्याची जागा घ्यावी.

कांदा मात्र इथलाच हवा. अलिबागचा पांढरा कांदा कमी तिखट आणि गोडसर, म्हणून तो मुठीनं कच्चा खाता येतो. कार्ले, खंडाळे, नेहुली अशा मोजक्या गावांच्या मातीत तो पिकतो, भातानंतर लावला जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी माळांमध्ये विणून रस्त्याकडेला विकायला येतो. त्याला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. १८८३ च्या सरकारी गॅझेटमध्येही त्याचा उल्लेख आहे.

समुद्रही या वाटीत येऊ शकतो. गोव्यात भाजलेला सुका जवळा, कांदा, खोबरं, तिखट आणि चिंच किंवा कोकम कालवून किस्मूर करतात. आपल्या किनाऱ्यावरही भाजलेला जवळा कांदा-मिरचीत कालवून तांदळाच्या भाकरीशी खातात. कुरकुरीत, खारट, आंबट आणि भरपूर प्रथिनांचा हा पदार्थ जगातल्या कुठल्याही नावाजलेल्या सॅलडच्या पंक्तीला बसेल.

वाटी मोठी करायची तर काम वाढतं, हे लपवण्यात अर्थ नाही. वाल सोलायला वेळ लागतो, काकडी चोचवायला हात लागतो आणि वर्षानुवर्षं हे हात घरातल्या बाईचेच राहिले. पोटभर कोशिंबीर रोजची व्हावी असं वाटणाऱ्या प्रत्येकानं परातीभोवती बसून वाल सोलायला हवेत. घरच्या पुरुषांनी आणि मुलांनी हे काम उचललं नाही, तर चांगल्या अन्नाची ही सूचना म्हणजे एकीच्या माथ्यावर आणखी एक ओझं ठरेल.

दुसरी अडचण जमिनीची. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईची मोटार तासाभराच्या प्रवासात थेट इथे उतरू लागली. येण्याजाण्याची सोय झाली ही चांगलीच गोष्ट. पण या पट्ट्यात भाताच्या खाचरांवर बंगले उभे राहत आहेत, आणि जिथे भात थांबतो तिथे त्याच्यामागून येणारे वाल आणि कांदाही थांबतात. शनिवारी शहरातून सॅलडची पानं सोबत आणणाऱ्या पाहुण्यानं इथल्या बाजारात एक फेरी मारावी. हिवाळ्यात वालाच्या शेंगा आणि मुळा, उन्हाळ्यात कांदा आणि कैरी, पावसाळ्यात काकडी आणि रानभाज्या घ्याव्यात. इथलं खाणारं गिऱ्हाईक रोज असेल, तर शेत राखण्याला शेतकऱ्याकडे निदान एक कारण उरतं. एका गिऱ्हाइकानं जमिनीचे भाव उतरणार नाहीत, हे खरं. तरीही ज्याला मांडव्याची हिरवळ डोळ्यांना हवी, त्यानं ती ताटातही मागितली पाहिजे.