चक्र कुठे तुटतं?

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२ ते १६



आजच्या श्लोकांत भगवंत एक फार कडक शब्द वापरतात : चोर. जे मिळालं ते नुसतं भोगायचं आणि परत काहीच द्यायचं नाही, असं जगणाऱ्याला ते चोर म्हणतात. पुढे ते एक चक्र सांगतात. अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस, कर्मापासून यज्ञ. हे चक्र जो पुढे चालवत नाही त्याचं जगणं व्यर्थ, असा सोळाव्या श्लोकाचा भाव आहे.

आपण म्हणू, "यज्ञ वगैरे जुन्या काळचं झालं. आमच्या रोजच्या जगण्यात हे चक्र कुठे आहे?" ते कुठे तुटतं हे बघायचं असेल तर हार्बर लाइनने मानखुर्दपर्यंत जाऊ या.

मानखुर्द-गोवंडीच्या वस्त्यांना लागून देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे. १९२७ पासून मुंबईचा कचरा इथे पडत आला. आता शहराचा बराचसा कचरा कांजूरमार्गला जातो, पण देवनारला इतक्या वर्षांत साठलेले ढीग काही एका दिवसात नाहीसे होत नाहीत. ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये इथे अशी आग लागली की धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचरा सगळ्या मुंबईचा होता, पण सगळ्यात जास्त धूर श्वासात गेला तो शेजारच्या वस्तीतल्या मुलांच्या.

आता खरा प्रश्न. मी वेफरचं पाकीट खाल्लं, रस्त्यावर न फेकता नीट डस्टबिनमध्ये टाकलं. माझं कर्म तिथे संपलं का?

कायद्याने कदाचित संपलं असेल. गीतेच्या हिशोबाने नाही. कर्म माझ्या नजरेआड झालं म्हणून ते संपत नाही, फळ लागेपर्यंत ते चालूच राहतं. पाकीट पुढे कचरागाडीत जातं, तिथून ढिगावर. कचरा वेचणारी ताई पाण्याची बाटली उचलते, कारण भंगारवाला तिचे पैसे देतो. वेफरचं पाकीट ती तिथेच सोडते. त्यात प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सहज वेगळे होत नाहीत, म्हणून त्याला भाव नाही. चक्र तुटलं ते इथे. पण ते तुटणार हे पाकीट कारखान्यात बनलं तेव्हाच ठरलं होतं.

म्हणून "कंपन्या बनवतात, मी एकट्याने काय होणार?" हा प्रश्न खोटा नाही. जबाबदारी सगळ्यांची सारखी नाहीच. याच अध्यायाच्या २१व्या श्लोकात सांगितलंय की मोठी माणसं जसं वागतात तसं बाकीचे वागतात. आज बाजारात ते मोठेपण उत्पादकाकडे आहे. तो देईल त्याच वेष्टनात आपण वस्तू घेतो. वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांची आणि ब्रँडची, असं केंद्राचे २०१६ चे नियम आणि २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. आणि रोजच्या कमाईतून शाम्पूची एक पुडी घेणाऱ्या बाईला आपण पर्यावरणावर प्रवचन द्यायला जाऊ नये. तिच्या हातात निवड फार थोडी आहे. जितकी निवड जास्त, तितका वाटा जास्त.

पण मग आपल्यासारख्यांच्या हातात निवड आहे, हेही मान्य करावं लागतं. निदान भक्तीच्या बाबतीत तरी!

मानखुर्द सोडून वाशीकडे जाणारी गाडी ठाणे खाडीच्या पुलावर येते. काही हात श्रद्धेने जोडले जातात आणि निर्माल्याची पिशवी गाठीसकट खाली जाते. फुलं पाण्यात कुजतील, मातीला मिळतील, चक्रात परत जातील. पिशवी मात्र खारफुटीत अडकून राहील. याच खाडीत फ्लेमिंगो येतात, याच खाडीवर कोळी बांधवांची चूल चालते. देवाला वाहिलेलं फूल आपण देवाच्याच पाण्यात चोरासारखं टाकतोय, असं नाही का वाटत?

त्याग आणि टाकणं यात फरक आहे. त्यागात वस्तू कुठे जाते, कोणाच्या वाट्याला येते, याचं भान असतं. टाकण्यात फक्त "माझ्यासमोरून गेली" एवढंच समाधान.

म्हणून या आठवड्यासाठी तीन छोटे संकल्प :

– निर्माल्य पिशवीविना, फक्त निर्माल्य कलशात किंवा कुंडीतल्या मातीत.

– मंडळाच्या भंडाऱ्याला पानांच्या पत्रावळी, नाहीतर स्टीलची ताटं. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच, पण प्रसाद वाढताना कायद्याची आठवण करून द्यायची वेळच का यावी?

– जी वस्तू दर महिन्याला घेता, तिच्या कंपनीला एक ईमेल : "हे वेष्टन तुम्ही परत घेता का? कुठे?" उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा. विचारणं हेही कर्मच आहे.

एखादी वस्तू हातात घेताना एवढंच मनात आणू या : हिचा शेवट मी देवाला निःसंकोच अर्पण करू शकेन का?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥