आगाऊ मोल घेतलेले वचन



रतीब घालणारा गवळी सर्वांच्या परिचयाचा आहे. महिन्याचे पैसे तो पहिल्या तारखेस घेतो आणि रोज सकाळी सहा वाजता लिटरभर दूध देण्याचे कबूल करतो. पहिले काही दिवस दूध वेळेवर येते. पुढे सहाचे सात होतात, साताचे आठ होतात. घरातील माउली विचारते, तेव्हा तो म्हणतो, “ताई, बरोबर ताकही देतो की!” ताक मागितले होते कोणी? अशातच एके दिवशी कळते की, तेवढ्याच पैशांत पलीकडच्या आळीला दूध अजूनही सहालाच पोहोचते. तेथपासून हा प्रश्न नुसता दुधाचा राहत नाही. तो नीतीचा प्रश्न होतो.

आज अनेक घरांत मोबाईलवरून खरेदी होते. मुलाचे पुस्तक, आजीची काठी, स्वयंपाकघरातील कुकर, सारे दारात येते. त्यासाठी काही कंपन्या वर्षाची फी आगाऊ घेऊन ग्राहकाला सभासद करून घेतात आणि माल लवकर व पोचवणावळ न घेता देण्याचे वचन देतात. हे वचन वर्षे लोटली तसे आक्रसत गेले, फी मात्र वाढत गेली, अशी तक्रार ठिकठिकाणी ऐकू येते. ही तक्रार क्षुल्लक समजून सोडून देता येईल. चार दिवस उशिरा आलेल्या कुकरने कोणाचे काय बिघडते? परंतु आगाऊ मोल घेऊन दिलेल्या वचनाचे नैतिक वजन किती, हा प्रश्न क्षुल्लक नाही. जेथे ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजली त्या अमेरिकेतील उदाहरण घेऊन आपण तो तपासू.

अॅमेझॉन कंपनीने ‘प्राइम’ नावाचे सभासदत्व फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू केले. वर्षाला ७९ डॉलर द्यावेत आणि ठराविक माल दोन दिवसांत, वेगळी पोचवणावळ न देता मिळवावा, असा तो करार होता. ही फी २०१४ मध्ये ९९ डॉलर, २०१८ मध्ये ११९ डॉलर आणि २०२२ मध्ये १३९ डॉलर झाली. भारतात हे सभासदत्व २०१६ मध्ये ४९९ रुपयांच्या प्रारंभिक दराने आले, पुढच्या वर्षी ९९९ रुपये झाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये १,४९९ रुपयांवर गेले. मधल्या काळात फीमध्ये चित्रपट आले, गाणी आली. म्हणजे गवळ्याने दुधाबरोबर ताक दिले. पुढे २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेत आणि २०२५ च्या जूनमध्ये भारतात त्या चित्रपटांच्या मध्ये जाहिराती येऊ लागल्या. जाहिराती नकोत तर आणखी पैसे भरा, असे सांगण्यात आले. न मागितलेले ताक आधी दिले आणि मग त्यातही पाणी घातले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. महागाई वाढते, पगार वाढतात, इंधन महागते. तेव्हा फी वाढविणे हाच काही गुन्हा नव्हे. शिवाय अमेरिकेतील पुष्कळ शहरांत माल पूर्वीपेक्षा लवकर पोहोचू लागला. २०१९ मध्ये दोन दिवसांऐवजी एका दिवसात माल देण्याची घोषणा कंपनीने केली आणि त्यावर मोठा खर्चही केला. म्हणून ‘सगळेच मंदावले’ असे सरसकट म्हणणे सत्याला धरून होणार नाही. आपल्याला दोष द्यावयाचा असेल तर तो नेमका कोठे आहे, हे शोधले पाहिजे.

पहिली गोष्ट शब्दांची. दोन दिवस म्हणजे केव्हापासून दोन दिवस? ग्राहक समजतो, मागणी नोंदविल्यापासून. कंपनीच्या हिशेबात ते धरले जातात माल गोदामातून निघाल्यापासून. माल गोदामातच तीन दिवस पडून राहिला, तरी कागदावर वचन पाळले गेले! कायद्याच्या भाषेत हे कदाचित बसेल. परंतु ऐकणाऱ्याने काय समजावे अशी बोलणाऱ्याची अपेक्षा होती, त्यावरून बोलणे खरे की खोटे हे ठरते. ऐकणारा चुकीचे समजणार हे ठाऊक असताना तसेच बोलणे, हे सत्य बोलणे नव्हे.

दुसरी गोष्ट अडचणीची. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे गोदामांवर ताण पडला. तेव्हा अॅमेझॉनने घरगुती गरजेच्या व औषधोपचाराच्या वस्तूंना अग्रक्रम दिला आणि इतर मालाला काही ठिकाणी महिनाभर उशीर होऊ लागला. हा वचनभंग होता काय? माझ्या मते नव्हता. रोग्याला लागणारी वस्तू आधी आणि शोभेची वस्तू मागून, हा क्रम माणुसकीचाच आहे, आणि तो उघडपणे जाहीर केला होता. पूर आला म्हणून गवळी आला नाही, तर त्याला कोणी लबाड म्हणत नाही. अडचण आणि फसवणूक यांतील भेद येथे स्पष्ट होतो. अडचण सांगता येते. फसवणूक लपवावी लागते.

हीच कसोटी घेऊन आता वॉशिंग्टन शहरात जाऊ.

अमेरिकेच्या या राजधानीत अॅनाकोस्टिया नावाची नदी आहे. तिच्या पूर्वेस प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील महाभिवक्त्यांनी अॅमेझॉनवर दावा दाखल केला. दाव्यातील आरोप असा की, जून २०२२ पासून कंपनीने २००१९ आणि २००२० या दोन पिनकोडांना आपल्या सर्वांत जलद पोचवणीतून गुपचूप वगळले. तेथे जवळजवळ ५० हजार सभासद होते. फी त्यांची इतरांइतकीच होती. दाव्यातील आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये शहराच्या इतर भागांत शंभरांपैकी ७५ पुडकी दोन दिवसांत पोहोचत, या दोन पिनकोडांत फक्त २४. कोणी विचारलेच, तर खरे कारण सांगितले जात नसे, असेही दाव्यात म्हटले आहे. माल नेणाऱ्या चालकांवर त्या भागात हल्ले झाले, त्यांच्या सुरक्षिततेसाठी हे केले, असे कंपनीचे म्हणणे आहे. भेदभावाचा आरोप तिला मान्य नाही.

कंपनीचा हा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. गाडी चालविणारा तो मजूरही कोणाचा तरी मुलगा आहे. कोणाच्याही पुडक्यापेक्षा त्याचा जीव मोलाचा आहे. पण मग ही गोष्ट त्या ५० हजार घरांना का सांगू नये? ‘तुमच्या भागात आम्हाला ही अडचण आहे, म्हणून तुमची फी कमी करतो’, असे म्हणण्यात कोणती हरकत होती? चालकाचा जीव वाचविण्यासाठी गुप्तता लागत नाही. गुप्तता लागते ती फी वाचविण्यासाठी.

ही घटना एकटी नाही. एप्रिल २०१६ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने अमेरिकेतील शहरांचे नकाशे तपासले. त्याच दिवशी माल पोहोचविण्याची सोय अनेक शहरांत प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्त्यांना मिळत नव्हती, असे त्यातून उघड झाले. बॉस्टनमध्ये रॉक्सबरी नावाचा भाग आहे. त्याच्या चारी बाजूंच्या वस्त्यांना सोय होती, मध्ये फक्त रॉक्सबरी वगळलेली. वर्णाचा आम्ही विचारच केलेला नाही, सभासदांची संख्या आणि अंतर पाहून ठरविले, असे कंपनीने सांगितले. टीका झाल्यावर तेथे सोय सुरू करण्यात आली.

गावाच्या चारी अंगांनी पाण्याचा पाट जावा आणि एक वस्ती तेवढी कोरडी राहावी, याचा अर्थ आपल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाला पत्र लिहिले होते. त्या प्रश्नाचे आणि आपल्या प्रश्नाचे नाते त्यांनी तेव्हाच ओळखले होते. ‘आम्ही जात पाहिली नाही, फक्त आकडे पाहिले’ या उत्तराचा विचार त्या अनुभवातून करावयास हवा. ज्या वस्तीला पिढ्यान् पिढ्या कमी कर्ज, कमी दुकाने, कमी रस्ते मिळाले, तिचे आकडे कमीच भरणार. त्या आकड्यांवरून पुढचा निर्णय घेतला की जुना अन्याय नव्या हिशेबवहीत जमा होतो, आणि लिहिणाऱ्याचे हात स्वच्छ दिसतात. हेतू शुद्ध होता एवढ्याने परिणाम न्याय्य ठरत नाही. परिणाम दिसल्यावर तो दुरुस्त करणे हेही कर्तव्यच आहे.

म्हणूनच ‘सरासरी’ या शब्दापासून सावध राहिले पाहिजे. सरासरीने वेग वाढला असेलही. पण वचन सरासरीला दिलेले नसते. ते एकेका घराला दिलेले असते आणि पैसे एकेका घरातून घेतलेले असतात.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू, कारण येथवर आपण फक्त ग्राहक म्हणून बोललो. माल लवकर हवा, असे म्हणताना तो कोणाच्या पायांनी लवकर येतो? २०२४ च्या जूनमध्ये वृत्तपत्रांत बातमी आली की, हरियाणातील मानेसर येथील अॅमेझॉनच्या गोदामात ठरलेले काम पुरे होईपर्यंत पाणी पिणार नाही, लघवीला जाणार नाही, अशी शपथ मजुरांकडून घेववली गेली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने या बातमीची स्वतः होऊन दखल घेतली व केंद्र सरकारच्या कामगार खात्याला नोटीस दिली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने तर यासाठी कायदाच केला. १ जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे. गोदामातील मजुराला जेवणाची सुटी किंवा शौचाला जाण्याची सवड मिळणार नाही असा कामाचा कोटा लादता येणार नाही, असे त्यात आहे.

ज्या समाजाने शतकानुशतके दुसऱ्यांसाठी वेठबिगार केली, त्याने तरी आपल्या दारात येणाऱ्या पुडक्यामागची तहान विसरू नये. आज आपलीच कितीतरी मुले पाठीवर पिशव्या बांधून दुचाकीवरून माल पोहोचवीत आहेत. म्हणून आपली मागणी ‘आणखी लवकर द्या’ अशी असता कामा नये. ‘जेवढे माणसाला झेपेल तेवढेच वचन द्या, आणि दिलेले पाळा’ अशी ती असावी. न झेपणारे वचन कंपनी देते, त्याची फी कंपनी घेते, आणि ते पाळावयाचे ओझे मात्र जिन्यावरून धावणाऱ्या पोरावर पडते. उशीर झाला तर शिव्याही तोच खातो. हा न्याय नव्हे.

शेवटचा प्रश्न बाहेर पडण्याच्या वाटेचा. वचन आक्रसले तर सभासदाने सरळ बाहेर पडावे, असे कोणी म्हणेल. पण दार उघडे असेल तरच निवड स्वतंत्र म्हणता येईल. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये अॅमेझॉनवर दावा केला. लोकांना नीट न विचारता सभासद केले जाते आणि सभासदत्व सोडताना चार पाने, सहा वेळा बटण दाबणे आणि पंधरा पर्याय यांतून जावे लागते, असा आरोप होता. या वाटेला कंपनीत ‘इलियड’ असे नाव होते. इलियड हे ग्रीक कवी होमरचे लांबलचक युद्धकाव्य! सप्टेंबर २०२५ मध्ये तडजोड झाली. कंपनीने दोष मान्य केला नाही, परंतु २५० कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. त्यांपैकी १५० कोटी ग्राहकांना परत करावयाचे होते. आत येण्याचा दरवाजा रुंद आणि बाहेर जाण्याचा भुयारी, अशा घराला आपल्याकडे सापळा म्हणतात.

मग आपल्या कुटुंबांनी काय करावे? पहिले म्हणजे हिशेब मांडावा. वर्षाकाठी किती पुडकी आली, सभासद नसतो तर पोचवणावळ किती पडली असती, हे वहीत लिहावे. फी त्याहून जास्त भरत असेल तर सभासदत्व सोडावे. पैसे भरले आहेत म्हणून वसूल करण्यासाठी नको ते विकत घेत बसणे, हे तर दुहेरी नुकसान होय. दुसरे, वचन दिलेली तारीख आणि माल आलेली तारीख नोंदवावी. शेजाऱ्याच्या नोंदीशी, दुसऱ्या वस्तीतील नातेवाइकाच्या नोंदीशी ती ताडून पाहावी. भेद असेल तर तो एकट्याच्या तक्रारीत दिसत नाही, दहा घरांच्या वह्या एकत्र ठेवल्या की दिसतो. तिसरे, तक्रार लेखी करावी. आपल्या देशात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सभासदत्वाच्या सापळ्यासह तेरा फसव्या पद्धतींना मनाई केली आहे. चौथे, दारात येणाऱ्या मुलाला पाणी विचारावे. उशिराचा जाब त्याच्या मालकाला विचारावा, त्याला नव्हे.

आणि जेथे आपण स्वतः वचन देणारे आहोत, तेथे हीच कसोटी आपल्याला लावावी. आपल्यातील कोणी शिकवणी घेतो, कोणी खानावळ चालवितो, कोणी शिवणकाम करतो. महिन्याचे पैसे आगाऊ घेतले असतील, तर शेवटच्या आठवड्यातील पोळी पहिल्या आठवड्यातील पोळीइतकीच असली पाहिजे. ओळखीच्या गिऱ्हाइकाचे कपडे आधी आणि गरिबाचे मागून, असे होता कामा नये. अडचण आली तर सांगावी. पैसे परत करावे लागले तर करावेत.

दोन दिवसांचे चार दिवस झाले तर संसार बुडत नाही. पण पैसे सारखेच घ्यावेत आणि माणूस पाहून, वस्ती पाहून कमी द्यावे, वर ते कळूही देऊ नये, हे आपण चार दिवसांचीच तर गोष्ट म्हणून खपवून घेऊ लागलो, तर उद्या अधिक मोठ्या गोष्टींतही तेच खपवून घेऊ. दुधाचा भांडा रोज मापून घेणारी माउली लिटरभर दुधासाठी भांडत नसते. आपल्या पैशाचे मोल दुसऱ्याच्या पैशाइतकेच आहे, एवढेच ती सांगत असते.