अंगठा आणि संमती

मनुष्य एखाद्या गोष्टीस 'होय' म्हणतो तेव्हा त्याने नेमके काय दिलेले असते, हा प्रश्न वरकरणी पंडितांचा वाटतो. परंतु २०२५ साली तो आमच्या ओसरीवर येऊन बसला, आणि त्याने अद्यापि माझा पिच्छा सोडलेला नाही.

लाडकी बहीण योजनेचे पैसे घेणाऱ्या स्त्रियांनी आपली ई-केवायसी करावी, असा हुकूम त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात निघाला. आधार क्रमांक घालावयाचा, मोबाईलवर आलेला ओटीपी घालावयाचा, आणि 'मी सहमत आहे' ह्या शब्दांवर बोट ठेवावयाचे, अशा प्रकारचे ते काम. आमच्या धानोऱ्याकडील रानात रेंज कोठे सापडते, कोठे सापडत नाही. आमच्या ओसरीवर ती सापडे, म्हणून दोन गावांच्या बायका आपापले मोबाईल घेऊन तेथे आल्या. मला वाचता येते, म्हणून माझ्यापुढे रांग लागली. मी एकेकीचा मोबाईल घेई, आकडे घाली, आणि तिच्या वतीने सहमतीवर बोट ठेवी. एका वृद्ध माडिया बाईने मात्र तुटक मराठीत विचारले, "बाबा, यात का लिहिलं आहे?" मी उत्तर दिले, "काही नाही, माय. होय म्हणायचं असते." ती गप्प बसली.

वाचकहो, मी खोटे बोललो. तेथे काय लिहिले होते ते मी स्वतःच वाचलेले नव्हते.

नोव्हेंबरात तीच बाई पैसे काढण्यास एका केंद्रावर गेली. चालकाने यंत्रावर तिचा अंगठा घेतला व म्हणाला, "लागला नाही, पुन्हा लाव." तिने पुन्हा लाविला. हातात पंधराशे रुपये पडले; पासबुकावर मात्र दोन वेळा पंधराशे निघाल्याची नोंद उमटली. मी तिला विचारले, "माय, दुसऱ्यांदा अंगठा लावताना तू काही विचारलं का नाही?" ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं ना बाबा, होय म्हणायचं असते."

आम्ही बँकेत गेलो. तक्रार लिहून घेण्यात आली. पैसे आजवर आलेले नाहीत. फसवणूक कळताच १९३० ह्या सरकारी क्रमांकावर फोन केला तर पुढे सरकत असलेली रक्कम कधी कधी अडविता येते, परंतु आम्हांस ते कळण्यास तीन आठवडे लागले होते. लाजेने माणूस गप्प बसतो, आणि ते तीन आठवडे चोराच्या पदरात पडतात.

हे यंत्र कसे चालते ते आपल्या उपदेशकबंधूंनी समजून घ्यावे. आधारावर पैसे देणाऱ्या ह्या व्यवस्थेत आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढे जुळले की पैसे निघतात. पिन लागत नाही, ओटीपीही लागत नाही. ज्यांस अक्षर येत नाही त्यांची सोय व्हावी हा हेतू चांगलाच आहे. वीस मैलांवरील बँकेपर्यंतची पायपीट त्यामुळे वाचते, हे मी नाकारीत नाही. परंतु कुलूप फुटले तर नवे घेता येते. अंगठा कोठून बदलावा? शिरोंच्यापलीकडे, गोदावरीपार तेलंगणात, २०१८ साली पोलिसांनी एक प्रकरण उघडकीस आणिले. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील लोकांच्या अंगठ्यांवरून एकाने रबरासारखे ठसे बनविले होते व त्यांच्या जोरावर हजारो सिमकार्डे चालू केली होती. ज्यांचे ते अंगठे, ते आपापल्या घरी निजलेले होते. (आधारच्या बायोमेट्रिकला कुलूप घालता येते व पैसे काढावयाचे तेव्हा ते तात्पुरते उघडता येते. हे काम आधार केंद्रावर अथवा मोबाईलवर होते. ज्यांस शक्य आहे त्यांनी ते करावे.)

खोट्या हाताची गोष्ट तशी नवी नव्हे. दृष्टी गेलेल्या इसहाकाने मुलास हाताने चाचपून ओळखिले. आवाजाविषयी शंका येऊनही त्याने हातावर भरवसा ठेविला, आणि त्या हातांवर तर करडांची कातडी होती. आपण ती कथा वाचताना याकोबाच्या कपटाची चर्चा करितो, रिबकेस दोष देतो. आंधळ्या म्हाताऱ्याने नीट पाहावयास हवे होते, असे कोणी म्हणाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मग आमच्या माडिया बाईविषयी मात्र, "तिने दोनदा अंगठा लाविलाच कशाला?" असे आमच्याच मंडळीत का बोलले गेले?

ह्या अंगठ्याचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा करार करिताना ठेकेदाराच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. हेतू हा की, त्याने पुढे सही नाकारू नये. म्हणजे आरंभापासून ठसा घेतला गेला तो देणाऱ्यास बांधून ठेवण्यासाठी. घेणाऱ्याने काय समजावून सांगितले, ह्याची नोंद ठेवणारा ठसा कोणी शोधून काढिला नाही.

ती नोंद न ठेवल्याचे फळ दख्खनने भोगिले. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळिले. आत काय लिहिले आहे हे ठाऊक नसता केलेल्या निशाण्या त्या रोख्यांवर पुष्कळ होत्या. जाळपोळीचे मी समर्थन करीत नाही. परंतु त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला, त्याने एक थोर तत्त्व मान्य केले. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, आणि न्यायाधीशाने केवळ कागदावरील निशाणी न पाहता व्यवहाराच्या मुळाशी जावे, असे त्यात ठरले. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात, म्हणून तो कायदा आपणांस लागू नव्हता. तत्त्व मात्र कोठेही लागू पडावे. १८७२ चा करार कायदा आजही चालू आहे, आणि त्याचेही म्हणणे हेच की दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तरच ती संमती.

एका शिकलेल्या बंधूने मला विचारले, "असे म्हणाल तर कोणताही व्यवहार उभा राहणार नाही. मी तरी कोणत्या ॲपच्या अटी वाचतो?" हा आक्षेप खरा आहे व मला तो पूर्णपणे खोडता येत नाही. एवढेच म्हणतो की, शिकलेला मनुष्य वाचू शकत असता वाचीत नाही, तेव्हा तो आपला धोका आपण पत्करितो. जिला वाचताच येत नाही तिने काय पत्करिले? आणि जो दरमहा काही हजारांच्या लोभाने आपले बँकखाते अनोळखी माणसास वापरावयास देतो, त्याने ह्या आश्रयाखाली येऊ नये. त्यास कळले नव्हते असे नव्हे. त्याने कळून घेण्याचे टाळिले.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत केला. संमती मोकळी, समजून दिलेली व स्पष्ट असावी, आणि तिची सूचना इंग्रजीत अथवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी एकीत वाचण्याची मुभा असावी, असे त्यात आहे. मराठी त्या यादीत आहे. गोंडी नाही, माडियाही नाही. तेव्हा एटापल्ली-भामरागडकडील बाईपुरता कायदा जेथे थांबतो, तेथे शेजारी बसलेला वाचणारा मनुष्य उरतो. बहुधा तो आपल्यापैकीच कोणी उपदेशक, शिक्षक, आशाताई अथवा तिचाच नातू असतो.

ह्याच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गाव आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय करीत नाही. सर्वांस पटेपर्यंत बोलत राहते. पुष्कळ वेळ जातो, हे खरे. २००९ साली त्या गावास आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि तो हक्क म्हणजे काय हे सांगण्यास गावात एकच शिकलेला मनुष्य शोधावा लागला नाही.

ई-केवायसीची मुदत वाढून डिसेंबरअखेर झाली, तेव्हा आमच्या ओसरीवर पुन्हा रांग लागली. ह्या वेळी मी त्याच बाईच्या नातीस जवळ बसविले. पडद्यावरील प्रत्येक ओळ मी मराठीत मोठ्याने वाचिली, ती तिने माडियात सांगितली, आणि बोट ज्याचे त्याने ठेविले. दोघींनी ऐकून घेतले व आपल्या मालकांस विचारून येतो म्हणून मोबाईल मिटून घरी गेल्या. मागे उभ्या असलेल्या काहीजणी कुरकुरल्या, "बाबा, मागच्या वेळी लवकर होत होतं." संध्याकाळपर्यंत अकराजणींचे काम झाले.